तीन नंबरचं बटण

नोकरीत असताना मी काय काम करते हे मला कुणालाही सांगता येत नव्हतं. शेजाऱ्यांना नाही, माहीमला माहेरी नाही, आणि घरात यांनाही अर्धवटच. त्यामुळे ही बाई पालघरपासून तारापूरपर्यंत स्कूटीवरून कशाला हिंडते, याचे लोकांनी आपापले अंदाज बांधले होते. शिरगावात मी लाइटबिलवाली होते. बोईसरच्या एका सोसायटीत वॉचमन मला विमावाली समजून फाटकातच अडवायचा. दांडीत तर मी लग्नं जुळवते अशी ठाम समजूत होती, कारण ज्या घरात मी दर महिन्याला जायचे तिथं लग्नाचा मुलगा होता. एका बाईनं मला वाटेत गाठून आपल्या मुलीचा फोटोसुद्धा हातात कोंबला. नको म्हणायचं तर खरं कारण सांगावं लागलं असतं, म्हणून मी तो मुकाट्यानं पर्समध्ये टाकला.

आता निवृत्त झाले आहे, तर सांगते. माणसांची नावं मात्र बदलली आहेत.

कोणता कार्यक्रम किती लोक बघतात याचे आकडे दर आठवड्याला येतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते येतात कुठून, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. ते येतात काही निवडक घरांतून. त्या घरांत टीव्हीशेजारी एक छोटी पेटी बसवलेली असते. पेटीवर ओळीनं दिवे आणि सोबत एक वेगळा रिमोट. घरातल्या प्रत्येक माणसाला एक नंबर. टीव्हीसमोर बसताना आपल्या नंबरचं बटण दाबायचं, दिवा लागतो. उठून गेलात की परत दाबायचं, दिवा विझतो. आलं-गेलं कुणी असेल तर पाहुण्यांची बटणं निराळी. टीव्ही चालू आहे आणि एकही दिवा नाही, असं झालं की पेटी लुकलुकायला लागते आणि कुणीतरी बटण दाबेपर्यंत थांबत नाही.

या पेट्या बसवणं, घरच्यांना बटणाची सवय लावणं आणि ती सुटत नाही ना हे बघणं, हे माझं काम. पेटी बसवायला अर्धा तास पुरतो. सवय लावताना मात्र नाकी नऊ येतात. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे आपल्याकडे पेटी आहे हे त्या घरानं बाहेर बोलायचं नाही. बोललं तर कुणी फूस लावणारा येऊन उभा राहील, अमुक चॅनल लावा म्हणून. बोभाटा झाला की पेटी काढायची, असा करारच असायचा.

बटण म्हणजे माणूस, असं मुंबईच्या ऑफिसात धरून चालत. मी फिरतीवर असल्यामुळे तसं समजायची चूक मला परवडत नसे.

बोईसरला एमआयडीसीजवळच्या एका चाळीत अशी खोली होती जिथं कारखान्यातले कामगार मिळून राहत. पाळी तिन्ही वेळची, त्यामुळे खोलीत कायम कुणी जागं, कुणी झोपलेलं आणि टीव्ही अखंड चालू. मी प्रत्येकाला नंबर दिले, समजावलं, नंबर भिंतीवर चिकटवूनही आले. पुढच्या खेपेला गेले तर चार नंबरच्या जागी निराळाच माणूस. मी विचारलं, चार नंबर कुठं आहे? तो अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, वो तो गाँव गया. उसकी खाट मुझे मिली, तो चार नंबर अब मैं." त्यांनी नंबर खाटांना लावून टाकले होते. खाटेवर जो, तो नंबर त्याचा. त्यांच्या दृष्टीनं हिशेब अगदी चोख होता. मी कपाळाला हात लावला आणि सगळी नावं पुन्हा घातली.

पालघरात एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं की आपण फक्त बातम्या बघतो, मालिका हा बायकांचा उद्योग. त्यांचा दिवा खरोखरच फक्त बातम्यांना लागायचा. एकदा मी न कळवता संध्याकाळी गेले. त्यांच्या पत्नी मला आदल्या दिवशीचा भाग सांगायला लागल्या आणि काकांनी पेपरमागून तीनदा त्यांची चूक सुधारली. आत्याबाईंनी दागिने कपाटात नाही, देवघरात लपवले, वगैरे. मी म्हटलं, काका, बटण दाबत जा. त्यांनी पेपर आणखी वर धरला.

आत्याबाई म्हणजे रात्री आठच्या मालिकेतली मुख्य बाई. मालिकेचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते कुणी घेत नसे. आमच्या सगळ्या भागात ती 'आत्याबाईंची मालिका' होती. ती सुरू झाली तेव्हा बारसं झालेली पोरं पुढं शाळेत जायला लागली, इतकी ती चालली. मधल्या काळात आत्याबाई एकदा बेपत्ता झाल्या, एकदा स्मृती गेली, एकदा तर वारल्या आणि परत आल्या. त्या परत आल्या तेव्हापासून आकडे घसरायला लागले.

आकडे घसरले की मालिका बंद पडते का, हा प्रश्न मला आजही लग्नाकार्यात विचारतात. पूर्वी मी, मला काय ठाऊक, असं म्हणायचे. आता उत्तर देते. आकडे नुसते घसरले म्हणून काही होत नाही. क्रिकेट असलं की घसरतात. गणपतीत घसरतात, नवरात्रात घसरतात, लग्नसराईत घसरतात. आमच्याकडे वादळी वाऱ्यात लाइट गेली की एका रात्रीत भुईसपाट होतात आणि मुंबईत कुणीतरी डोकं खाजवत बसतो. शिवाय सुना आणि कामाला जाणाऱ्या मुली तोच भाग दुसऱ्या दिवशी बसमध्ये फोनवर बघतात. तो आमच्या पेटीत येतच नाही. जुनी मालिका घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी असते. ती जरा खंगली म्हणून लगेच कुणी तिला बाहेर काढत नाही. धोका केव्हा ओळखावा, तर आठची मालिका साडेसहाला नेली की. ज्यांच्यासाठी ती आठला होती ती माणसं साडेसहाला बसू शकत नाहीत. मग जे व्हायचं ते होतं, आणि दोष आकड्यांना देता येतो.

दांडीचं घर हिरामावशीचं. नवरा काशिनाथ, पूर्वी स्वतःची लहान होडी होती, आता डोळे अधू झाल्यामुळे ओट्यावर बसून जाळी विणायचा. मुलगा हरेश. एक नंबर मावशी, दोन नंबर काशिनाथबाबा, तीन नंबर हरेश. हिरामावशीला बसलेली मी क्वचितच बघितली. पहाटे बंदरावर, मग मासळी घेऊन बाजारात, दुपारी बोंबील सुकत घालायचे, संध्याकाळी ते गोळा करायचे, मग चूल. माझ्याशी बोलायचीसुद्धा उभ्यानं, हातातलं काम चालू ठेवून. पण बटणाची सवय तिच्याइतकी पक्की माझ्या कुठल्याच घरात नव्हती. आठ वाजता एक आणि तीन लागायचे, मालिका संपली की विझायचे. काशिनाथबाबाला आत्याबाईंचा राग होता, तो ओट्यावरच बसायचा.

पावसाळा संपून समुद्र उघडला की आमच्या किनाऱ्यावरची पुष्कळ पोरं गुजरातच्या मोठ्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. हरेशही जायचा. एका वर्षी गेला आणि त्याची बोट समुद्रातली हद्द ओलांडली म्हणून पलीकडच्या देशाच्या गस्तीच्या बोटीनं धरली. आमच्याकडे ही गोष्ट नवी नाही. नावं कळतात, पेपरात येतं, पुढारी घरी येऊन जातात आणि मग वाट बघणं सुरू होतं. पोरगा जिवंत आहे, तुरुंगात आहे, कधीतरी सुटेल. ते 'कधीतरी' म्हणजे कधी, हे सांगणारा कुणी भेटत नाही.

मी महिन्याच्या फेरीला गेले तेव्हा हरेशचा विषय काढला नाही. पेटी ठीक आहे ना, एवढं बघून मी निघाले.

त्यानंतर मुंबईच्या मॅडमचा फोन आला. ऑफिसात सगळ्या घरांच्या दिव्यांवर नजर असते. दांडीच्या घरातला तीन नंबर परगावी आहे अशी त्यांच्याकडे नोंद होती आणि तरी तीनचा दिवा रोज आठला लागत होता. त्यांनी खात्री करायला संध्याकाळी घरी फोन केला, तर बाईंनी सांगितलं की हो, मुलगा बसला आहे, मालिका बघतो आहे. मॅडम मला म्हणाल्या, जाऊन बघा.

मी दुपारी गेले. मावशी अंगणात बोंबील उलटत होती. मी सांगितलं की ऑफिसात कळलंय. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "जाताना तोच बोलला ना. आये, मालिका बगून ठेव, मी आलो का सगली सांग. मग मी त्याची जागा धरून ठेवते. त्यात कोनाचं काय जाते?"

मी तिला नियम सांगितला. घरातून जास्त काळ गेलेल्या माणसाचा नंबर काढावा लागतो. मग तो कुठंही गेलेला असो, नोकरीला, सासरी किंवा देवाघरी. सासू वारल्यावर तिचा नंबर तेवढा राहू द्या म्हणणारी घरं मी बघितली होती आणि तिथंही काढला होता. हे सगळं मी तिला सांगितलं आणि सांगताना माझाच मला राग येत होता. शेवटी म्हटलं, मावशी, फार तर पाहुण्याचं बटण दाब, मी बोलेन वर.

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. "तो पाहुना नाय," म्हणाली.

मी आत जाऊन तीन नंबर काढला. पेटीवर आता तीनचं बटण दाबलं तरी दिवा लागणार नव्हता. मावशी दारात उभी राहून बघत होती. चहा मात्र तिनं दिला.

याच सुमाराला मालिका बंद होणार अशी कुणकुण सुरू झाली. आमच्याकडे बातमी बाजारात आधी पिकते. आमचे हे, जे आत्याबाईंचे छुपे भक्त होते, त्यांनी मला रोज विचारून हैराण केलं. पुढच्या महिन्यात हिरामावशीनंही तेच विचारलं, पण तिचा प्रश्न निराळा होता. तिला वाटत होतं की हरेश येईपर्यंत मालिका चालायला हवी. अर्धी सांगून कशी देणार? शेवट झाला आणि तो आलाच नाही तर मग ती रोज आठला कशासाठी बसणार, असंही ती म्हणाली. आपल्या पेटीनं मालिका चालते का, हे तिला माझ्याकडून हवं होतं.

मी तिला सरळ उत्तर दिलं. म्हटलं, एका पेटीनं मालिका चालत नाही. पण तुझं घर नुसतं तुझं घर म्हणून मोजत नाहीत, तुझ्या एका घरामागं तुझ्यासारखी पुष्कळ घरं धरतात. हे वाक्य मी सगळ्याच घरांत म्हणायचे. त्यानं लोक बटण नीट दाबतात, असा माझा अनुभव. मावशीनं ते ऐकून घेतलं आणि बोंबलांची टोपली उचलून गेली.

काही दिवसांनी मॅडमचा पुन्हा फोन. दांडीच्या घरात रोज आठला पाहुण्यांची सगळी बटणं लागतात, हा काय प्रकार आहे? त्यांचा आवाज असा होता की जणू तिथं कुणीतरी चॅनलवाला पैसे वाटत बसलाय. मी म्हटलं, बघते. या वेळी मात्र मी दुपारी गेले नाही. बरोबर आठला पोचेन अशा बेतानं निघाले.

त्या आळीत आठ वाजता कुठूनही चाललं तरी आत्याबाईंचा आवाज घराघरांतून येत असे. एका दारातलं वाक्य दुसऱ्या दारात पूर्ण ऐकू येई. त्या दिवशी आळी गप्प होती. एकापाठोपाठ एक सगळ्या घरांत टीव्ही बंद, दारं नुसती लोटलेली. मला वाटलं लाइट गेली, पण दिवे तर होते. मग हिरामावशीच्या अंगणात चपलांचा ढीग दिसला.

आळीतल्या सगळ्या बायका तिच्या घरात बसल्या होत्या. पलंगावर, पलंगाखाली, चुलीपाशी, दारापर्यंत. ज्यांना आत जागा नव्हती त्या उंबऱ्यावर. एक म्हातारी भिंतीला टेकून घोरत होती. मावशी टीव्हीशेजारी रिमोट घेऊन उभी होती आणि आलेल्या प्रत्येकीचं बटण दाबत होती. बटणं संपली होती, तरी बायका येत होत्या. मला बघून कुणी दचकलं नाही. दोघी सरकल्या. माझ्या पर्समध्ये जिच्या मुलीचा फोटो होता तीही त्यात होती, आणि मी कोण हे आता तिला कळून चुकलं होतं. तिचा चेहरा जरा पडला होता.

मावशी म्हणाली, "बस ना, बाय. तुजं बी दाबते."

मी बसले. दुसरं काय करणार? जाहिराती लागल्या तेव्हा शेजारच्या बाईनं मला सगळं सांगितलं. हिरामावशी दारोदार फिरली होती. माझ्या घरात पेटी आहे, तिच्यात माणसं मोजतात, तुमच्या टीव्हीची कुणी मोजत नाही, तर माझ्याकडे येऊन बसा, हरेश सुटून येईपर्यंत मालिका चालली पाहिजे. बस एवढंच तिचं मागणं. ती बाई म्हणाली, आमचीपन पोरं बोटीवर असतात, नाय कसं बोलायचं?

आता माझी पंचाईत बघा. त्या घरात काडीचंही खोटं चाललं नव्हतं. जितके दिवे लागले होते तितकी माणसं समोर बसली होती, उलट जास्तच. मालिका तीच लागली होती. घोरणारी म्हातारी सोडली तर सगळ्या बघत होत्या. माझ्या उभ्या नोकरीत एवढं प्रामाणिक घर मी बघितलं नव्हतं. पण पेटीचा बोभाटा झाला होता. अख्ख्या आळीला ठाऊक होतं म्हणजे करार मोडला होता.

मी जे बघितलं ते तसंच कळवलं. हरेशचंही कळवलं, म्हटलं वाचून कुणाला काही वाटेल. मॅडम वाईट नव्हत्या. फोनवर आधी हरेशची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, पेटी काढून आणा. मी विचारलं, त्या सगळ्या बायकांचं काय झालं, त्या मोजल्या का? त्यांनी सांगितलं की एखादं घर अचानक असं वेगळं वागायला लागलं की संगणक ते संशयास्पद म्हणून बाजूला टाकतो. त्या आठवड्यात दांडीचं घर हिशेबात धरलंच नव्हतं.

म्हणजे बायकांनी आपापले टीव्ही बंद केले, जेवणं पुढं ढकलली, दाटीवाटीनं बसल्या आणि त्यातली एकही आकड्यात आली नाही. हे मी हिरामावशीला सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

पेटी काढायला गेले तेव्हा टीव्हीमागं अंधार होता. मावशीनं स्वतः बॅटरी धरली. मी स्क्रू काढत होते आणि ती माझ्या हाताकडे बघत होती. मी म्हटलं, मावशी, तू गावभर सांगायला नको होतंस. ती म्हणाली, "लपून येकटी किती बसनार होती?" मी उरलेले स्क्रू काढले. निघताना तिनं सुक्या बोंबलांची पिशवी स्कूटीला अडकवली. मी नको म्हटलं, कारण घरच्यांकडून काही घ्यायचं नाही असा नियम होता. ती म्हणाली, आता कुठं पेटी आहे?

मालिका पुढच्याच काही दिवसांत साडेसहाला गेली. हिरामावशीच्या पेटीमुळे नव्हे, हे मी शपथेवर सांगू शकते. आठला नवी, चकचकीत मालिका आली. दांडीत साडेसहाला कुठली बाई घरात असते? अंधार पडायच्या आत सुकी मासळी उचलायची असते, दव धरलं तर दिवसाची मेहनत पाण्यात. पालघरातल्या त्या गृहस्थांच्या घरी साडेसहाला पत्नी देवळात जायच्या. बोईसरच्या खोलीत तेव्हा एक पाळी यायची आणि दुसरी जायची. जिथं जिथं माझ्या पेट्या होत्या तिथं आत्याबाईंच्या वेळेला एकेक दिवा विझत गेला. आणि मग एका आठवड्यात सगळ्यांची लग्नं लावून, भांडणं मिटवून, आत्याबाईंना शेवटचं मारून मालिका संपवली. आमचे हे दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हते, जसं काही मीच ती मारली.

मला मात्र दांडीचंच डोळ्यांसमोर येत होतं. हरेश अजून आला नव्हता. एकदा जाऊन यावं असं फार वाटायचं. पण पेटी काढलेल्या घराशी संबंध ठेवायचा नाही, हाही नियम होता आणि मी नियमाची बाई. नोकरीत मी कुणाला नाव ठेवायला जागा दिली नाही याचा मला अभिमान आहे. दांडीला गेले नाही याचा नाही.

निवृत्त झाल्यावर मी पहिली तिकडे गेले. हरेश सुटून आल्याचं त्याआधीच कानावर आलं होतं. गेले ती संध्याकाळी, आठच्या सुमाराला. मुद्दाम नव्हे, बस उशिरा मिळाली. स्कूटी तेव्हा विकून टाकली होती.

टीव्ही बंद होता. हिरामावशी जमिनीवर मांडी घालून बसली होती, हातात काहीही नाही. समोर हरेश, वाळलेला, केस बारीक कापलेले. शेजारच्या दोघीतिघी. काशिनाथबाबासुद्धा ओटा सोडून दाराच्या आत येऊन बसला होता. मावशी आत्याबाई सांगत होती. रोज आठला, एक एक भाग. साडेसहाला गेल्यानंतरचं तिनं कुणाकुणाकडून मिळवलं होतं. एखाद्या दिवसाचं कुणालाच ठाऊक नसेल तर तेवढं ती स्वतःच्या मनानं भरत होती आणि शेजारणींच्या मते ते मूळच्यापेक्षा बरं होतं. मी आले म्हणून ती थांबली, माझी चौकशी केली, पाणी दिलं आणि पुन्हा सुरू झाली.

परतीच्या बससाठी मी निघाले तेव्हा मध्येच हरेश मला रस्त्यापर्यंत सोडायला उठला. मी विचारलं, कसा आहेस? बरा हाय, म्हणाला. तुरुंगातलं विचारायचं मी टाळलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, तुझ्यासाठी तिनं सगळी मालिका जपून ठेवली बघ. तुला फार आवडायची ना?

तो हसला, आणि मागं घराकडे बघून आवाज खाली आणला.

"मालिका मी कदी बगलीच नाय, बाय. मला त्यातलं कोन कोनाचं हाय, ते बी ठाव नाय. आय दिवसभर उभी. आठ वाजता तेवडी बसायची, म्हनून मी बसायचो तिच्या बाजूला. जाताना बोललो, बगून ठेव. नाय तर माज्या पाठी ती बसलीच नसती."

मी त्याला विचारलं, तिला हे सांगितलंस का? त्यानं मान हलवली, नाही.

घरातून मावशीची हाक आली, पुढचं राहिलंय म्हणून. तो म्हणाला, जातो, आज आत्याबाई दुसऱ्यांदा मरायचीय. आणि भराभर चालत परत गेला.